एम.ए. नंतरची दोन वर्षे

मानसशास्त्रात एम.ए. झालेली व्यक्ती आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, म्हणजेच क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, यांच्यातील अंतर भारतात केवळ अनुभवाचे नसून कायद्याने आखलेले आहे, आणि अनेक विद्यार्थ्यांना ते उमगते तेव्हा पदव्युत्तर शिक्षणाचे दुसरे वर्षही सरत आलेले असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील व्याख्येनुसार ही ओळख त्यालाच लावता येते, ज्याने भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेल्या संस्थेतून या विषयाची मान्य अर्हता मिळवली आहे, किंवा पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. पर्यवेक्षणाखालील रुग्णसेवेच्या प्रशिक्षणासह पुरे केले आहे. १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेली ही परिषद पुनर्वास क्षेत्रातील व्यावसायिकांची केंद्रीय नोंदवही ठेवते आणि तीत नाव नसताना व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास अथवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितलेली आहे. मोठ्या शहरांत एका भेटीचे शुल्कच पुष्कळदा या दंडाहून जास्त असते, हे येथे नोंदवलेले बरे.

जनमानसात ज्या तीन व्यावसायिकांची सरमिसळ होते, त्यांपैकी मनोविकारतज्ज्ञ हा एम.बी.बी.एस. नंतर मनोविकारशास्त्रात विशेष शिक्षण घेतलेला डॉक्टर असून औषधे तोच लिहून देतो, तर समुपदेशक प्रामुख्याने आयुष्यातील अडचणी, नातेसंबंध आणि निर्णय यांबाबत साहाय्य करतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाही. मानसिक विकाराचे मूल्यमापन, प्रमाणित चाचण्यांद्वारे निदानास साहाय्य आणि संवादातून व वर्तनबदलातून केली जाणारी मनोचिकित्सा हे त्याचे कार्यक्षेत्र होय.

या कामाची खरी घडण वर्गात होत नाही, वॉर्डात होते. प्रशिक्षणार्थी प्रथम रुग्णवृत्त घ्यायला शिकतो, म्हणजे तक्रार कधी सुरू झाली, कशाने वाढली, घरात पूर्वी कोणाला असा त्रास होता का, झोप, भूक, कामधंदा कसा आहे, हे रुग्ण आणि नातेवाईक दोघांकडून स्वतंत्रपणे जाणून घेतो. त्यानंतर मनःस्थिती परीक्षणात रुग्णाचा पेहराव, बोलण्याची गती, विचारांची सलगता आणि आजाराविषयीची त्याची स्वतःची जाण यांची पद्धतशीर नोंद करतो. पाठ्यपुस्तकातील ‘नैराश्य’ हा शब्द रुग्णाच्या तोंडी क्वचितच येतो. तो ‘करमत नाही’, ‘कशातच राम उरला नाही’, ‘जीव घाबरा होतो’ किंवा नुसतेच ‘डोकं जड राहतं’ असे सांगतो, आणि या प्रत्येक वाक्यामागे उदासी आहे, चिंता आहे की शरीराचा एखादा आजार आहे, याची उकल इंग्रजीत शिकलेल्या तरुणाला मराठीतच करावी लागते. लिहिलेला अहवाल वरिष्ठांपुढे मांडला जातो, त्यातील घाईने काढलेले निष्कर्ष खोडले जातात आणि तो पुन्हा लिहावा लागतो. पर्यवेक्षण म्हणतात ते हेच, आणि पदवीपेक्षा त्याचे मोल अधिक मानले पाहिजे.

चाचण्यांबाबतही हेच खरे आहे. सेग्विन फॉर्म बोर्ड या जुन्या चाचणीत एका लाकडी पाटावर दहा खाचा असतात आणि गोल, चौकोन, चांदणी, फुली, षटकोन अशा आकारांचे दहा ठोकळे मुलाने जमेल तितक्या लवकर त्यांत बसवायचे असतात. तीन वेळा ही कृती करवून घेऊन सर्वांत कमी वेळेवरून मानसिक वय काढले जाते. घड्याळ लावण्याचे काम कोणीही करील. परंतु मूल फुलीचा ठोकळा चांदणीच्या खाचेत दाबत राहते की चूक ओळखून हात मागे घेते, दुसऱ्या खेपेस काही शिकलेले दिसते का, दर ठोकळ्यागणिक आईकडे पाहते का, हे टिपण्यासाठी सरावलेली नजर लागते.

या साधनांच्या इतिहासात मराठी मुलखाचा वाटा मोठा आहे. बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी रूपांतर व्ही. व्ही. कामत यांनी केले आणि त्यावरील त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला, तर वेक्स्लर यांच्या बालचाचणीचे भारतीय रूप मालिन यांनी नागपुरात सिद्ध केले. मात्र बुद्धिमापनाची सरासरी पिढीगणिक वर सरकते असे संशोधन सांगते, त्यामुळे जुन्या प्रमाणकांवर आजच्या मुलाचा गुणांक वास्तवाहून जास्त येण्याची शक्यता असते, आणि ७० च्या आसपासच्या मुलाला अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळणार की नाही हे त्या चार-पाच गुणांवर ठरू शकते. नवी मराठी प्रमाणके तयार करणे हे या क्षेत्रात येणाऱ्यांसमोरचे कदाचित सर्वांत कमी झगमगाटाचे, पण सर्वांत निकडीचे काम आहे.

मनुष्यबळाची गरज उघड आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले होते. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये, जिल्हा रुग्णालये, विशेष मुलांच्या शाळा, व्यसनमुक्ती केंद्रे आणि खासगी व्यवसाय अशा वाटा प्रशिक्षितांपुढे आहेत. तुटवडा आहे तो प्रशिक्षणाच्या जागांचा. एम.फिल.साठी एम.ए. किंवा एम.एस्सी.ला ५५ टक्के गुण, शिवाय प्रवेशपरीक्षा आणि मुलाखत असे टप्पे असतात, आणि मार्गदर्शकांच्या संख्येवर जागा ठरत असल्याने तुकड्या लहानच राहतात.

त्यातच विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांनी एम.फिल. ही पदवीच बंद केली आणि पुढे केवळ चिकित्सालयीन मानसशास्त्र व मनोविकार समाजकार्य या दोन विषयांसाठी २०२५-२६ पर्यंतच्या प्रवेशांना मुभा दिली. त्यापुढे साय.डी., म्हणजे मानसशास्त्रातील व्यावसायिक डॉक्टरेट, आणि परिषदेचे अन्य नवे अभ्यासक्रम यांकडे पाहावे लागते. ते निवडताना पदवीच्या नावाआधी परिषदेची मान्यता, संलग्न रुग्णालय आणि पर्यवेक्षकामागे विद्यार्थी किती, हे तपासणे अगत्याचे आहे. बेंगळुरूला १९५५ मध्ये हे शिक्षण सुरू झाले तेव्हाही ते एम.फिल. नव्हते, साधी पदविका होती. नाव पुढे बदलले, वॉर्डातली हजेरी तशीच राहिली.