कार्यशाळेपूर्वी संगणकाची तयारी

चेतापेशींचे कार्य संगणकावर अभ्यासण्याच्या कार्यशाळेत पहिला दिवस अनेकदा सॉफ्टवेअर बसविण्यातच जातो. ज्याच्याकडे इंटरनेट मंद, तो विद्यार्थी तेथेच मागे पडतो. म्हणून ही तयारी घरूनच करून यावी, असे आम्ही सुचवितो.

प्रथम पायथन ही भाषा बसवावी. मग कार्यशाळेसाठी स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट तयार करावे, म्हणजे जुन्या कामातील आवृत्त्यांशी घोळ होत नाही. त्यात नमपाय, मॅटप्लॉटलिब व ब्रायन बसवावे. हे सर्व विनामूल्य आहे.

शेवटी हॉजकिन व हक्स्ली यांनी १९५२ साली मांडलेल्या समीकरणांचा तयार प्रोग्राम चालवावा. चेतापेशीच्या विद्युत-स्पंदांचा आलेख पडद्यावर उमटला, की संगणक सज्ज. न उमटल्यास चुकीचा संदेश जसाच्या तसा उतरवून मार्गदर्शकांना आधीच दाखवावा. विचारण्यात संकोच नसावा.