एका मिलिमीटरची परीक्षा

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मायक्रोसर्जरीचा पायाभूत कोर्स पाच दिवसांचा असतो. येणारे विद्यार्थी नवशिके नसतात. कोणी प्लास्टिक सर्जन, कोणी हाडांचा, कोणी मेंदूचा. सगळ्यांचे हात शस्त्रक्रियेत मुरलेले. तरी अशा प्रशिक्षणात सुरुवात रबरी हातमोज्याच्या तुकड्यापासून होते. त्यावर चीर द्यायची आणि ती शिवायची, एवढंच. तेवढ्यानेही भल्याभल्यांना घाम फुटतो.

कारण दोरा असतो दहा-शून्य नंबरचा, जाडी २० ते २९ मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या निम्म्याहून कमी. नुसत्या डोळ्यांना तो जेमतेम दिसतो. नजर सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावरून हलवायची नाही, त्यामुळे स्वतःचे हातही दिसत नाहीत. मनगट आणि करंगळीकडची कड टेबलावर टेकवलेली. हलायची ती फक्त बोटं. खुर्चीची उंची चुकली की खांदे भरून येतात आणि थरथर चिमट्याच्या टोकापर्यंत पोचते. म्हणून चांगला शिक्षक टाक्यांआधी बसणं तपासतो.

मग येते पांढऱ्या उंदराच्या जांघेतली धमनी. व्यास साधारण एक मिलिमीटर. ती कापायची आणि टोकाला टोक जोडायचं, आठ-दहा टाक्यांत. पुढे शीर, मग एका रक्तवाहिनीच्या कडेला दुसरीचं टोक, मग मधे शिरेचा तुकडा घालून जोडणी. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे समोरच्या भिंतीत टाका घालताना सुई मागच्या भिंतीतही शिरते आणि नळीचं तोंडच शिवलं जातं. यावर इंग्लंडच्या जॉन कॉबेट यांनी तोड काढली. पहिले दोन टाके समोरासमोर न घालता १२० अंशांवर घातले की मागची भिंत आपोआप खाली लोंबते, सुईच्या वाटेतून बाजूला होते. दुसरा नियम त्याहून कडक: चिमट्याने धरायचं ते वाहिनीचं बाहेरचं आवरण. आतलं अस्तर चिमटलं की तिथे प्लेटलेट्स जमतात आणि गुठळी धरते.

ही गुठळी हाच खरा परीक्षक. कोंबडीच्या तंगडीतली धमनी सरावाला उत्तम, स्वस्त आणि कुठेही मिळणारी. पण तिच्यात रक्त वाहत नाही, त्यामुळे वाईट टाकाही तिथे खपून जातो. उंदरात रक्त अडवायला लावलेली क्लिप काढल्यावर वीसेक मिनिटं थांबलं की निकाल लागतो. जोडापुढे दोन चिमट्यांनी वाहिनी हलकेच दाबायची, मधलं रक्त पुढे सारून तो भाग रिकामा करायचा आणि जोडाकडचा चिमटा सोडायचा. झपकन भरली तर पास. अडली तर जोड कापून, उघडून, टाके आतून बघायचे. माझ्या मते कोर्समधला सगळ्यात मोलाचा अर्धा तास हाच. बक्षीस मिळालेल्या जोडापेक्षा फसलेला जास्त शिकवतो.

सर्जननं रुग्णाआधी प्रयोगशाळेत बसायचं, हा रिवाज फार जुना नाही. १९६० साली अमेरिकेतल्या बर्लिंग्टनमध्ये, व्हरमाँट विद्यापीठात, ज्युल्स जेकबसन यांनी लहान रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडून दाखवल्या. तिथल्याच डोनाघी यांच्या प्रयोगशाळेत झ्युरिकचे गाझी याशारगिल प्राण्यांच्या वाहिन्यांवर महिनोन् महिने सराव करत राहिले आणि १९६७ मध्ये झ्युरिकला त्यांनी कवटीबाहेरची धमनी मेंदूच्या धमनीला जोडली. पुढे रॉबर्ट ॲकलंड यांनी छोट्या क्लिपा बनवल्या आणि सरावाचं पुस्तक लिहिलं. त्यांच्या क्लिपा आजही वापरात आहेत.

आपल्याकडे याची निकड सर्वाधिक तोंडाच्या कॅन्सरमध्ये दिसते. तंबाखू-गुटख्याने गेलेला जबडा काढल्यावर पायातलं फिब्युलाचं हाड रक्तवाहिन्यांसकट आणून बसवतात आणि त्या वाहिन्या मानेत जोडतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये हे काम नेहमीचं. जोड बंद पडला तर तासाभराचाही उशीर महाग पडतो. हाड वाचवायला रुग्णाला पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं.

प्राण्यांचा प्रश्न उरतोच. १९५९ साली रसेल आणि बर्च यांनी मांडलेली भूमिका, शक्य तिथे पर्याय शोधा, संख्या कमी करा, वेदना कमी करा, मला पूर्ण पटते. म्हणून उंदीर शेवटी यावा: आधी हातमोजा, मग कोंबडीची तंगडी, तेही टाके सरळ पडेपर्यंत. एक जुना सूक्ष्मदर्शक, दोन चिमटे आणि मटणवाल्याकडची तंगडी एवढं सामान प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाला परवडतं. प्लास्टिक सर्जरीच्या निवासी डॉक्टरांसाठी ते रोज तासभर खुलं ठेवा.