‘एवढं घालून उकडत नाही का?’ मुस्लिम महिलांनी मीममधून दिलेली उत्तरं आणि त्यांच्यावरच उलटवलेला ‘विनोद’

हिजाब घातलेल्या बाईला रस्त्यात, लिफ्टमध्ये, कॉलेजात एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘एवढं घालून उकडत नाही का?’ अमेरिकेतल्या हुदा फाहमी यांनी या प्रश्नाचं उत्तर थेट पुस्तकाच्या नावातच दिलं. 2018 साली आलेल्या त्यांच्या कॉमिक्सच्या पुस्तकाचं नाव आहे ‘येस, आय ॲम हॉट इन धिस’. म्हणजे हो, उकडतं. आणि हो, यात मी छानही दिसते. विचारणाऱ्याने दोन्ही अर्थ घ्यावेत.

मुस्लिम महिलांचं घरातलं आणि घराबाहेरचं जगणं आज मीम्स, कॉमिक्स, वेब सिरीज आणि स्टँड-अपमधून समोर येतंय. पण याच मीमच्या भाषेत भारतात मुस्लिम महिलांचे फोटो ‘लिलावा’लाही लावले गेले. एकच माध्यम दोन टोकांना कसं जातं? समजून घेऊया.

सुरुवात कशी झाली?

मीमच्या आधी हॅशटॅग आला. सप्टेंबर 2012 मध्ये अमेरिकेच्या ‘न्यूजवीक’ साप्ताहिकाने ‘मुस्लिम रेज’ म्हणजे ‘मुस्लिमांचा संताप’ अशा मथळ्याचं मुखपृष्ठ छापलं. फोटोत घोषणा देणारे दाढीवाले पुरुष होते. साप्ताहिकाने वाचकांना याच नावाचा हॅशटॅग वापरून चर्चा करायला सांगितलं. चर्चा झाली, पण वेगळीच.

जगभरातल्या मुस्लिम तरुण-तरुणींनी आपल्या रोजच्या ‘संतापा’ची यादीच टाकली. एका मुलीची तक्रार होती की आज केस इतके मस्त बसलेत, पण हिजाबमुळे कुणाला कळणारच नाही. गंभीर मथळ्याची हवा काही तासांत गेली.

पुढचा मोठा प्रसंग जानेवारी 2016 चा. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी खासगी बैठकीत मुस्लिम महिलांच्या ‘पारंपरिक आज्ञाधारकपणा’चा उल्लेख केल्याची बातमी आली. त्यावर ब्रिटनमधल्या मुस्लिम महिलांनी ‘ट्रॅडिशनली सबमिसिव्ह’ हाच हॅशटॅग केला. हातात कागद धरून फोटो टाकले. कागदावर आपल्या पदव्या, नोकऱ्या, येणाऱ्या भाषा लिहिलेल्या आणि शेवटी तोच शब्द : आज्ञाधारक.

हा विनोद चालतो कशामुळे?

मीमचं तंत्र साधं आहे. एक ओळखीचा साचा घ्यायचा आणि त्यात अनपेक्षित मजकूर भरायचा. साचा आणि मजकूर यांचा मेळ बसत नाही, तिथे हसू फुटतं.

मुस्लिम महिलांच्या बाबतीत साचा आधीपासूनच तयार असतो. बातमीतला फोटो असो की सिनेमातलं पात्र, काळा बुरखा, झुकलेली मान आणि गप्प बसलेली बाई. त्यामुळे तीच बाई ‘आज केस मस्त बसलेत’ म्हणाली की साचा मोडतो. त्यासाठी भाषण द्यावं लागत नाही.

इजिप्तच्या दीना मोहम्मद यांनी 2013 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ‘काहेरा’ हे वेब कॉमिक सुरू केलं. त्याची नायिका हिजाब घातलेली सुपरहिरो आहे. ती कैरोच्या रस्त्यावर छेड काढणाऱ्यांना धडा शिकवते आणि ‘आम्ही तुम्हाला वाचवायला आलोय’ म्हणणाऱ्या पाश्चात्त्य कार्यकर्त्यांनाही सोडत नाही. म्हणजे टोला दोन्हीकडे. धर्माच्या नावाने बाईवर हुकूम चालवणाऱ्यांना एक आणि तिची कीव करणाऱ्यांना दुसरा.

आणि घरातलं काय?

बाहेरच्या प्रश्नांना उत्तरं देणं हा अर्धा भाग झाला. उरलेला विनोद घरातला आहे. हुदा फाहमी यांचं 2020 मधलं पुस्तक ‘दॅट कॅन बी अरेंज्ड’ त्यांच्या स्वतःच्या लग्नाची गोष्ट सांगतं. स्थळं बघणं, घरच्यांच्या देखरेखीखाली होणाऱ्या भेटी, नातेवाइकांचे प्रश्न. कांदेपोहे कार्यक्रमातून गेलेल्या कुठल्याही मराठी मुलीला यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

ब्रिटनच्या ‘चॅनल 4’वर 2021 मध्ये आलेली निदा मंजूर यांची ‘वी आर लेडी पार्ट्स’ ही सिरीज आणखी पुढे जाते. लंडनमधल्या मुस्लिम मुलींचा हा पंक बँड. गिटार वाजवणारी अमिना मायक्रोबायोलॉजीत पीएचडी करतेय आणि नवराही शोधतेय. मुख्य गायिका हलाल मटणाच्या दुकानात काम करते. मॅनेजर नकाबमध्ये असते आणि नकाबमधूनच व्हेपचा धूर सोडते. इथे कुणीही सगळ्या मुस्लिम महिलांची ‘प्रतिनिधी’ नाही. पाचही जणी वेगळ्या आहेत आणि आपसात भांडतात. या सिरीजला अमेरिकेचा प्रतिष्ठेचा पीबॉडी पुरस्कार मिळाला.

मुंबईही यात मागे नाही. सुमैरा शेख यांनी ‘डोंगरी डेंजर’ या कार्यक्रमात डोंगरीतलं वाढणं स्टँड-अपच्या मंचावर आणलं. उरूज अशफाक यांना 2023 मध्ये ‘ओह नो!’ या कार्यक्रमासाठी एडिनबरा कॉमेडी अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट नवोदिताचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या विनोदात आई-वडिलांचा घटस्फोट येतो, थेरपी येते. मुस्लिम बाईने दरवेळी धर्मावरच बोललं पाहिजे, ही अपेक्षाही इथे मोडते.

हे सगळं इंटरनेटमुळे आलं का?

नाही. इंटरनेटने वेग दिला. खोडी जुनीच आहे.

1905 साली मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा छापून आली. लेखिका होत्या बंगालच्या बेगम रुकैया सखावत हुसेन. कथेतल्या देशात बायका राज्य चालवतात, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात, हवेतून प्रवास करतात. आणि पुरुष? ते ‘जनाना’ऐवजी ‘मर्दाना’त कोंडलेले. युक्तिवाद सरळ आहे : धोका ज्याच्यापासून आहे त्याला घरात ठेवा, जिला धोका आहे तिला कशाला?

याच रुकैयांनी 1931 मध्ये ‘अवरोधबासिनी’ या बंगाली पुस्तकात पडद्याच्या अतिरेकाचे 47 किस्से दिले. त्यातला एक असा : घराला आग लागली. बाई दागिने गोळा करून बाहेर पडायला निघाली, तर अंगणात परके पुरुष आग विझवताना दिसले. ती परत आत गेली आणि खाटेखाली लपली. वाचताना आधी हसू येतं, मग घशाशी अडकतं. रुकैया केवळ लिहून थांबल्या नाहीत. त्यांनी 1911 मध्ये कोलकात्यात मुलींची शाळा सुरू केली. ती आजही चालू आहे.

मीमने कायदे बदलतात का?

सौदी अरेबियाचं उदाहरण इथे उपयोगी आहे. तिथे महिलांना गाडी चालवायला बंदी होती. डिसेंबर 2016 मध्ये ‘हवाजिस’ नावाचा म्युझिक व्हिडिओ व्हायरल झाला. सुरुवातीला नकाबमधल्या बायका गाडीच्या मागच्या सीटवर बसतात आणि पुढे चालकाच्या जागी येतो एक लहान मुलगा! मग त्याच बायका रंगीबेरंगी कपड्यांत स्केटबोर्ड आणि बंपर कार चालवतात. दिग्दर्शक पुरुष होता, मात्र पडद्यावरची खोडी बायकांची होती.

24 जून 2018 ला बंदी उठली. पण व्हिडिओमुळे बंदी उठली असं म्हणणं चुकीचं ठरेल. 1990 पासून बायका अटकेचा धोका पत्करून गाड्या चालवत होत्या. बंदी उठण्याच्या महिनाभर आधी, मे 2018 मध्ये, लुजैन अल-हथलूल यांच्यासह काही महिला कार्यकर्त्यांना अटक झाली. लुजैन फेब्रुवारी 2021 मध्ये सुटल्या. विनोदाने विषय घराघरात नेला, त्याची किंमत मात्र रस्त्यावर उतरलेल्यांनी मोजली.

देश बदलला की विनोदाची दिशाही बदलते. अमेरिकेत हिजाब हा स्वतःचा निर्णय असल्याचं सांगण्यासाठी विनोद होतो. इराणमध्ये डोकं झाकण्याची सक्ती कायद्याने आली, त्यामुळे तिथला विनोद सक्तीवर असतो. इराणी लेखिका मार्जान सत्रापी यांच्या ‘एम्ब्रॉयडरीज’ या चित्रपुस्तकात दुपारच्या चहाला जमलेल्या बायका नवरे, लग्नं आणि फसवणुकींवर मनसोक्त बोलतात. बंद दाराआडची ती बैठक हीच त्यांची मोकळी जागा.

मग ‘बुली बाई’ काय होतं?

आता दुसरी बाजू. जुलै 2021 मध्ये ‘गिटहब’ या संकेतस्थळावर ‘सुल्ली डील्स’ नावाचं ॲप दिसलं. गिटहब म्हणजे प्रोग्रॅमर आपला कोड ठेवतात ती जागा. ॲपमध्ये मुस्लिम महिलांचे फोटो त्यांच्या परवानगीशिवाय लावले होते आणि त्यांना ‘डील ऑफ द डे’ म्हटलं होतं. ऑनलाइन खरेदीची भाषा, आणि माल म्हणून बाई. दिल्ली पोलिसांनी गुन्हा नोंदवला, पण अनेक महिने अटक झाली नाही.

1 जानेवारी 2022 ला ‘बुली बाई’ या नावाने तोच प्रकार पुन्हा झाला. पत्रकार, वकील, कार्यकर्त्या अशा अनेक जणी त्यात होत्या. दोन्ही नावांत मुस्लिम महिलांसाठीची हिणवणारी शिवी आहे. या वेळी मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने काही दिवसांतच बेंगळुरू आणि उत्तराखंडमधून अटक केली. दिल्ली पोलिसांनी आसाममधून एकाला पकडलं आणि त्यानंतर ‘सुल्ली डील्स’ प्रकरणातही अटक झाली. आरोपींमध्ये विशीच्या आसपासचे विद्यार्थी होते, काही इंजिनीअरिंगचे. पुढे आरोपींना जामीन मिळाला.

प्रत्यक्षात कुणाचीही विक्री झाली नव्हती. म्हणूनच ‘गंमत होती’ हा बचाव पुढे येतो. पण त्या यादीतल्या महिलांमध्ये एक गोष्ट समान होती : त्या सार्वजनिक ठिकाणी स्वतःच्या नावाने बोलत होत्या. ‘गमती’चा परिणामही तिथेच होतो. फोटो काढून टाकायचा, खातं बंद करायचं, लिहिणं थांबवायचं.

फरक कसा ओळखायचा?

साचा, फोटो, मजकूर ही साधनं दोन्हीकडे सारखीच. म्हणून फॉरवर्ड करण्याआधी तीन प्रश्न पुरेसे आहेत.

- बोलतंय कोण? हुदा फाहमी स्वतःच्या आयुष्यावर विनोद करतात. ‘बुली बाई’त बाई बोलतच नाही, फक्त तिचा फोटो असतो.
- टोला कुणाला? प्रथेला, सत्तेला, पूर्वग्रहाला, की एका ठरावीक बाईच्या शरीराला आणि धर्माला?
- परवानगी आहे का? मीममधला चेहरा खऱ्या बाईचा असेल, तर तिला हे माहीत आहे का?

तक्रार कुठे करायची?

फोटोचा असा गैरवापर झाल्यास आधी स्क्रीनशॉट, लिंक, तारीख आणि वेळ जपून ठेवा. पोस्ट काढून टाकली गेली तर हाच पुरावा उरतो. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर (सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन) किंवा जवळच्या पोलिस ठाण्यात तक्रार करता येते. पोर्टलवर महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे. महिलेचा अपमान करण्याच्या हेतूने केलेले शब्द वा कृती यासाठी पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम 509 होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 79 लागू आहे.

बाकी, ‘उकडत नाही का?’ हा प्रश्न यापुढेही विचारला जाईल. उत्तर मीमने द्यायचं, पुस्तकाने द्यायचं की हसून पुढे जायचं, हे जिला विचारलं तिने ठरवायचं.