शंभर वॉटचं पादरा

आमच्या पादऱ्यात रेडिओ लावला की बडोद्याची स्टेशनं लागतात. बडोद्याचं केंद्र तर संस्थानी काळातलं. 1948 साली ते आकाशवाणीकडे गेलं. पण पादऱ्याच्या बाजारात आज वांगी काय भावाने गेली, हे तिथून कोण सांगणार? इथे सामुदायिक रेडिओ हवा, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हिशेब मांडला.

सामाजिक संस्थांना 2006 पासून परवाना मिळतो. ताकद साधारण 100 वॉट, म्हणजे दहा-बारा किलोमीटरचा टापू. गावाला पुरे. अडतं ते पैशापाशी. 2023 मध्ये सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना 52 वरून 74 रुपये झाला आणि तासाला 12 मिनिटं जाहिरातींची मुभा मिळाली. सगळी मिनिटं भरली तर तासाचे 5,328 रुपये. पण भरतात कुठे! दुकानदार व्हॉट्सअ‍ॅपवर फुकट जाहिरात करतो. इकडे वीजबिल, निवेदकाचा पगार, बिघडलेला मिक्सर चुकत नाही. बातम्या फक्त आकाशवाणीच्या, त्याही जशाच्या तशा. हे मला पटत नाही. बाजारभाव, हवामान, पाणीपुरवठा मात्र सांगता येतो, आणि ऐकणाऱ्याला हवं असतं ते हेच.

दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवडला, 'माणदेशी तरंग' 2008 पासून 90.4 वर आहे. पाठीशी माणदेशी फाउंडेशन. पादऱ्यात एखाद्या कॉलेजने किंवा न्यासाने असा भार उचलावा. रोज पहाटे गुजरातीत भाजीचे भाव, रविवारी अर्धा तास आम्हा मराठी घरांसाठी.