जुन्या हेरल्डची नवी चाल

हवेने फुगवलेला टायर प्रत्यक्ष व्यवहारात आला तो एका लहान मुलामुळे, ही गोष्ट बालरोगतज्ज्ञाला आवडावी अशीच आहे. बेलफास्टमध्ये व्यवसाय करणारे जॉन बॉइड डनलॉप हे पशुवैद्य होते. आपल्या मुलाची तीनचाकी सायकल खडबडीत जमिनीवर फार आदळते, म्हणून त्यांनी तिच्या चाकांवर हवा भरलेली रबरी नळी बसवली आणि १८८८ साली तिचे पेटंट घेतले. (मूळ कल्पना त्याही आधीची. रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ मध्येच तिचे पेटंट घेतले होते, परंतु ती मागे पडली.) तेव्हा टायर आणि वैद्यक यांचे नाते जुने आहे. डॉक्टरांच्या स्मरणिकेत टायर आणि स्प्रिंगा यांवर लिहिण्यास मला एवढा आधार पुरेसा वाटतो.

आमच्याकडे १९६६ सालची दोन दारांची स्टँडर्ड हेरल्ड आहे. वडिलांनी ती १९७४ मध्ये हैदराबादहून जुनीच विकत आणली आणि हुमनाबाद, भालकी, बसवकल्याण या पट्ट्यात रुग्णांकडे जाण्यासाठी सुमारे वीस वर्षे वापरली. पुढे ती शेडमध्ये उभी राहिली. माझ्या मुलीने ती पुन्हा रस्त्यावर आणण्याचा हट्ट धरला, आणि त्या गाडीचा मी प्रथमच अभ्यास म्हणावा असा अभ्यास केला.

ज्यांनी ही गाडी पाहिली नाही अशा तरुण व्यवसायबंधूंसाठी थोडी माहिती. इंग्लंडमध्ये ट्रायम्फ हेरल्ड १९५९ साली आली. तिची आकृती जिओव्हानी मिचेलोत्ती या इटालियन कलावंताची. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून तिची भारतीय आवृत्ती काढली. इंजिन ९४८ सीसीचे. बॉनेट पुढच्या मडगार्डांसह एखाद्या पेटीच्या झाकणासारखे समोर उलटते, आणि गाडी इतक्या लहान वर्तुळात वळते की आळंदच्या बाजारपेठेतही ती मागेपुढे न करता फिरवता येते. अँबॅसॅडर आणि फियाट यांच्या त्या काळात आम्हा मुलांच्या दृष्टीने हीच स्पोर्ट्स कार होती. हा समज अगदीच बालिश नव्हता. ट्रायम्फची स्पिटफायर ही खरीखुरी दोन आसनी स्पोर्ट्स कार १९६२ मध्ये आली, ती हेरल्डचीच चासी आखूड करून. आणि मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवरील शर्यतींत हेरल्ड गाड्या धावत असत. पुढे १९९८ मध्ये गोव्यात तयार झालेली फायबरग्लास बॉडीची सॅन स्टॉर्म येईपर्यंत सामान्य भारतीयाला ‘स्पोर्ट्स कार’ हा शब्द बहुधा चित्रातच भेटत असे.

आता दुखण्याकडे वळतो. हेरल्डच्या पुढच्या चाकांची मांडणी उत्तम आहे. दोष आहे तो मागे. मागच्या प्रत्येक चाकाचा दांडा डिफरन्शियलपाशी सांध्याने जोडलेला असतो, पण चाकापाशी सांधा नसतो. डॉक्टरांना हे एका वाक्यात सांगता येते: पायाला खुब्याचा सांधा आहे, घोट्याचा नाही. अशा माणसाने पाय बाजूला उचलला की तळवाही तिरपा होणार. हेरल्डचे मागचे अंग वर उठले की दोन्ही चाके खालच्या बाजूने आत येतात, धनुष्यासारखे पाय वाकलेल्या मुलासारखी, आणि टायर आपल्या कडेवर उभा राहतो. मागे वजन टाकले की उलट घडते. गुडघे जुळलेल्या मुलासारखी चाके खाली फाकतात आणि गाडी रस्त्यावर ठाम बसते. याचाच अर्थ असा की मागे चार माणसे आणि डिकीत सामान असताना ही गाडी अधिक भरवशाची असते. डॉक्टर एकटाच रात्री परत येत असताना ती सर्वांत फसवी.

धोका नेमका कोठे आहे ते पाहा. चालक वळणावर वेगात शिरला आणि अचानक म्हैस समोर आली. कोणीही पाय ॲक्सिलरेटरवरून काढील आणि ब्रेक दाबील. त्या क्षणी वजन पुढे जाते, मागचे अंग हलके होऊन उठते, बाहेरचे चाक आत वळून कडेवर येते आणि त्याची पकड संपते. पकड संपता संपता ते चाक गाडीला आणखी वर ढकलते. म्हणजे भीतीपोटी आपोआप होणारी क्रियाच अपघात ओढवून घेते. नुसत्या गतिरोधकावरूनही हे दिसते. आमच्याकडे गतिरोधक गावागणिक असतात, बहुतेक न रंगवलेले. त्यावरून उडून गाडी खाली येते तेव्हा चाके आत वळलेली असतात आणि पुढचे काही मीटर ती पायाखालची जमीन चाचपडल्यासारखी चालते.

हा दोष एकट्या हेरल्डचा नव्हे. फोक्सवॅगनची बीटल आणि पोर्शची ३५६ याच पद्धतीच्या. अमेरिकेत शेव्हरोलेच्या कॉर्व्हेअरवर राल्फ नेडर यांनी १९६५ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात पहिलेच प्रकरण लिहिले. १९७२ साली तेथील सरकारी चौकशीने ती गाडी तिच्या काळातील इतर गाड्यांपेक्षा विशेष धोकादायक नव्हती असा निर्वाळा दिला, हेही नमूद केले पाहिजे. त्या गाडीत पुढे १५ आणि मागे २६ पौंड हवा भरण्याची सूचना होती. हा फरक मुद्दाम ठेवलेला होता. पुढची चाके आधी सुटावीत, मागची नंतर, कारण पुढची सुटली तर गाडी सरळ जाते आणि मागची सुटली तर ती फिरते. पेट्रोलपंपावरचा मुलगा सवयीने चारही चाकांत तीस पौंड भरतो आणि अभियंत्याची सारी योजना एका मिनिटात पुसून टाकतो. हेरल्डच्या बाबतीतही पुढे कमी, मागे जास्त हाच नियम आहे. मी हवा भरताना खाली उतरून उभा राहतो. लोक हसतात, हसू द्यावे.

ट्रायम्फने स्वतःच पुढे यावर उपाय काढला. हेरल्डमागे आडवी बसवलेली एकच पाट्यांची स्प्रिंग दोन्ही चाकांना सांभाळते. मूळ रचनेत तिचे सर्व पाटे डिफरन्शियलवर घट्ट आवळलेले असतात. १९७० च्या स्पिटफायरपासून एक पाटा आवळलेला ठेवून बाकीचे तराजूच्या दांडीसारखे झुलते केले. दोन्ही चाके एकदम खड्ड्यात गेली तर सारी स्प्रिंग पूर्ववत काम करते. गाडी वळणावर एका बाजूला कलली तर मात्र मागची स्प्रिंग फारसा विरोध करीत नाही. तो विरोध पुढच्या बाजूस जाड अँटी-रोल बार बसवून घ्यायचा. त्यामुळे मागच्या बाहेरील चाकावर येणारा अतिरिक्त भार कमी होतो आणि ते गाडीला वर ढकलण्याच्या भानगडीत पडत नाही. मद्रासच्या कंपनीने १९७२ च्या गॅझेलमध्ये सरळ मार्ग पत्करला. झुलते दांडे काढून साधा अखंड ॲक्सल घातला.

आम्ही झुलत्या पाट्यांची स्प्रिंग इंग्लंडहून मागवली. तेथे या गाड्यांचे सुटे भाग आजही सहज मिळतात. बसवण्याचे काम कलबुर्गीतील आमच्या जुन्या मिस्त्रींनी केले. त्यांची भाषा अस्सल दखनी. जुना पाटा काढून जमिनीवर ठेवल्यावर ते म्हणाले, “डाक्टरसाब, ये पाटा तो कबका बैठ गया. गाडी आपकी दुआपे चल रई थी.” त्यांच्याकडून एक गोष्ट समजली ती पुस्तकात नव्हती. जॅक काढल्यावर ही गाडी चाके आत घेऊनच उभी राहते, म्हणून चाकांचा कोन मोजण्याआधी ती दहा-पंधरा पावले पुढेमागे ढकलायची. संगणकावर अलाइनमेंट करून देणाऱ्या एका चकचकीत दुकानात ही दक्षता न घेता काढलेले आकडे आम्हाला छापून मिळाले होते. ते रोग्याला पळवून मग विश्रांतीची नाडी मोजण्यासारखे होते.

पुढच्या बाजूस आणखी एक जागा आहे. स्टिअरिंगचे चाक ज्या पितळी तुकड्यात फिरते त्याला ग्रीस नव्हे, घट्ट गिअर ऑइल लागते. ग्रीस आटून बसते, आटे कोरडे पडतात आणि एखाद्या दिवशी पुढचे चाक आडवे होते. ज्यांच्या घरी हेरल्ड आहे त्यांनी हा परिच्छेद कापून गॅरेजच्या भिंतीवर लावावा.

शॉक ॲब्सॉर्बरविषयी लोकांचा मोठा गैरसमज असतो. तो गाडीचे वजन उचलत नाही. वजन उचलते स्प्रिंग. शॉक ॲब्सॉर्बर तिचे हेलकावे शोषून त्यांची उष्णता करतो. मडगार्ड जोराने दाबून सोडावे. गाडी एकदा वर येऊन स्थिर झाली तर ठीक, डुलत राहिली तर तो निकामी. यात आमच्या विषयाचाही थोडा संबंध येतो. चांगल्या मोटारीचे अंग स्प्रिंगवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा हलते, म्हणजे जवळजवळ माणसाच्या चालण्याच्या लयीने. सेकंदाला चार ते आठ कंपने शरीराला सर्वाधिक जाचक होतात, आणि पाच सेकंदांत एखादा हेलकावा अशा मंद गतीने पोटात ढवळते. दोन वर्षांखालील मुलांना गाडी क्वचितच लागते, मोठ्या मुलांना लागते, हे आपण रोजच पाहतो. अपुऱ्या दिवसांचे अर्भक औरादहून बिदरला किंवा अफजलपूरहून कलबुर्गीला रुग्णवाहिकेतून येते, तेव्हा इनक्यूबेटरचे तापमान सर्वजण विचारतात. रुग्णवाहिकेचे शॉक ॲब्सॉर्बर कसे आहेत, हे मी विचारू लागलो तो या गाडीमुळे.

आता टायर. मूळ गाडीला आडव्यातिडव्या धाग्यांचे ५.२०-१३ मापाचे टायर होते. मिशलिनने १९४६ मध्ये पेटंट घेतलेल्या रेडियल टायरमध्ये धागे चाकाच्या दिशेला काटकोनात असतात आणि वरून पट्टा असतो. त्यामुळे बाजू लवचीक राहते आणि तळहाताएवढी जागा रस्त्याला सपाट चिकटून राहते. मी १४५/८० आर १३ हे माप निवडले, ट्यूबसह. रुंदी १४५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ८० टक्के म्हणजे ११६, रिम १३ इंची. मूळ टायरपेक्षा व्यास थोडा लहान आहे, म्हणून वेगाचा काटा किंचित जास्त दाखवतो. माझी त्यास हरकत नाही.

मुलीच्या मित्रमंडळींचा आग्रह रुंद टायर आणि अलॉय रिम यांचा होता. हे मी ठामपणे नाकारले, आणि कारण सौंदर्याचे नाही. झुलत्या दांड्यांच्या गाडीत बाहेरच्या चाकाची पकड जितकी अधिक, तितका गाडीला वर ढकलणारा जोर अधिक. शिवाय जुने टायर सुटण्याआधी बराच वेळ कुरकुरतात; रेडियल उशिरा सुटतो, पण सुटतो तो झटकन. म्हणजे स्प्रिंगेचा उपचार न करता नुसते उत्तम टायर घातले तर दुखणे वाढू शकते. क्रम महत्त्वाचा आहे. त्याचप्रमाणे दोन रेडियल आणि दोन जुन्या पद्धतीचे असे मिश्रण टाळावे. अगदी करावेच लागले तर रेडियल मागे, पुढे कधीही नव्हे.

टायरच्या बाजूवर चार आकडी संकेत असतो. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. लस टोचण्यापूर्वी आपण कुपीवरचा रंग पाहतो, तसा हा संकेत पाहावा. कमी खपाच्या मापाचे टायर दुकानात वर्षानुवर्षे पडून असतात. मला ‘एकदम नवा माल’ म्हणून दाखवलेला पहिला जोड सहा वर्षांचा निघाला. नक्षी शाबूत, रबर मात्र शहाबादी फरशीसारखे.

काही जुन्या गाड्यांचे शौकीन मित्र नाराज आहेत. मूळ वस्तूला हात लावू नये असे त्यांचे मत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करताना चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा अशी अट आहे. आमचे हे तिन्ही मूळचे आहे. जुनी स्प्रिंग तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे. ज्याला हवी त्याने परत बसवावी. माझी मुलगी या गाडीतून कलबुर्गी–हुमनाबाद रस्त्यावर एकटी जाते. या वादात मला याहून दुसरा मुद्दा सुचत नाही.

फरक पडला का? पडला. कमलापूरच्या पुढील वळणांवर पाय काढला तरी मागचे अंग आता उठत नाही; गाडी थोडी बाहेर सरकते आणि सरळ होते. मागची बाजू पूर्वीपेक्षा खाली बसली आहे, त्यामुळे उंच गतिरोधकावर पोट घासते. ही किंमत मोजावी लागली.

पुढच्या दोन आसनांना पट्टे बसवून घेतले. मागे ते नाहीत. चौदा वर्षांखालील मुलांना पट्टा किंवा बालआसन बंधनकारक करणारा कायदा २०१९ साली झाला, परंतु तो नसता तरी माझा नियम हाच राहिला असता: या गाडीत मूल बसवायचे नाही. ओळखीचे पालक वाढदिवसाला एक फेरी मागतात, आणि ‘तुम्हीच मुलांचे डॉक्टर ना?’ असे म्हणून रुसतात. मी उभ्या गाडीत मुलांना स्टिअरिंगमागे बसवून फोटो काढू देतो, बॉनेट उलटवून दाखवतो. त्यावर त्यांचे समाधान होते, पालकांचे होत नाही.

ब्रेक अजून राहिले आहेत. चारही चाकांना ड्रम आहेत आणि पाण्यातून गेल्यावर ते काही वेळ हजेरी लावीत नाहीत. पुढे डिस्क बसवाव्यात असे मिस्त्रींचे मत आहे. सामान आले की दसऱ्यानंतर काम काढू.