निळीतून उतरा, गुलाबीत चढा!

दिल्लीत मुलाकडे किंवा मामाकडे निघालात आणि पत्ता मयूर विहारचा आहे? मग नशीब काढलंत! मुंबईहून नाशिकमार्गे येणारी राजधानी आणि वास्कोहून बेळगाव, मिरज, पुणे करत येणारी गोवा एक्सप्रेस, दोन्ही हजरत निजामुद्दीनला येतात. सराय काले खानच्या बाजूनं बाहेर पडा, मेट्रोची गुलाबी लाइन पकडा. यमुना ओलांडली की पुढचंच स्टेशन मयूर विहार-१.

फक्त नाव नीट विचारून घ्या. 'मयूर विहार' नावात असलेली स्टेशनं चार आहेत! आणि घर फेज-३मध्ये असेल तर त्या नावाचं स्टेशनच नाही. कुठं उतरायचं ते घरच्यांनाच विचारा.

मयूर विहार-१वर निळी आणि गुलाबी लाइन भेटतात, पण एकीची गाडी दुसरीच्या रुळांवर जाऊच शकत नाही. निळीचे रूळ मुंबईच्या लोकलसारखे ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटर. गुलाबीचे पुणे मेट्रोसारखे स्टँडर्ड गेज, १४३५ मिलिमीटर. गुलाबीवर तर नोव्हेंबर २०२१पासून चालकाविना गाड्या धावू लागल्या.

ही गुलाबी मयूर विहारपाशी काही वर्षं तुटलेली होती, हे आज कुणाला सांगूनही पटत नाही. ऑक्टोबर २०१८मध्ये ती उत्तरेकडून त्रिलोकपुरीपर्यंत आली, डिसेंबरअखेर दक्षिणेकडून तेव्हाच्या मयूर विहार पॉकेट-१पर्यंत. मधला एवढासा तुकडा मात्र अडला, कारण वाटेत लोकांची घरं होती आणि त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न सुटत नव्हता. तोवर इकडे उतरायचं, रस्त्यानं पलीकडे जायचं आणि पुन्हा गाडीत बसायचं. ६ ऑगस्ट २०२१ला लाइन जुळली. लोकांना बेघर करून रूळ रेटले नाहीत, उशीर पत्करला. मला हे फार मोलाचं वाटतं.

दिल्ली मेट्रो उभी करणारे ई. श्रीधरन म्हणजे आपल्या कोकण रेल्वेचे श्रीधरन! सह्याद्रीत बोगदे खोदून आणि नद्यांवर पूल उभारून ते १९९७मध्ये दिल्ली मेट्रोचे प्रमुख झाले. डिसेंबर २००२मध्ये पहिली गाडी शाहदरा ते तीस हजारी धावली आणि नोव्हेंबर २००९मध्ये निळी मयूर विहारला पोचली, तेव्हाही कारभार त्यांच्याच हाती होता.

डब्यातला आवाज ओळखीचा वाटला? हिंदीत शम्मी नारंग, इंग्रजीत रिनी सायमन खन्ना. दोघंही दूरदर्शनचे एकेकाळचे वृत्तनिवेदक!

बायकांसाठी ऑक्टोबर २०१०पासून पहिला डबा राखीव आहे. पहिला म्हणजे गाडी ज्या दिशेनं चाललीय तिकडचा. पुरुषांनो, चुकूनही चढू नका, दंड होतो.

निळी आणि पिवळी लाइन जिथं भेटतात, त्या राजीव चौक स्टेशनात गर्दी पाहून गांगरायला होतं. तिथं नजर खाली ठेवा. फरशीवर रंगीत पावलं उमटवलेली आहेत, अगदी गौरीच्या पावलांसारखी. पिवळी पावलं पिवळ्या लाइनकडे नेतात, निळी निळीकडे.

निळीनं मयूर विहार-१पासून पाचवं स्टेशन मंडी हाउस. कोपर्निकस मार्गावरचं जुनं महाराष्ट्र सदन तिथून जवळ. आठव्यावर, रामकृष्ण आश्रम मार्गला उतरलात की पहाडगंजची नूतन मराठी शाळा गाठता येते.

परतताना मात्र पाटी वाचूनच चढा. निळीला यमुना बँकपाशी दोन फाटे फुटतात. आपली गाडी नोएडा इलेक्ट्रॉनिक सिटीची. वैशालीच्या गाडीत बसलात तरी घाबरू नका. यमुना बँकला उतरा आणि मागून येणारी नोएडाची घ्या.