ऊस फडाजवळ, कापूस मुंबईत

मुंबईच्या गिरणगावात एकेकाळी धुराड्यांची दाटी होती, पण आसपास कापसाचे एक बोंडही पिकत नव्हते. नगर, सांगली, कोल्हापूरकडे मात्र साखर कारखान्याची चिमणी उसाच्या फडांमधूनच वर आलेली दिसते. ऊस आणि कापूस दोन्ही नगदी पिके. मग एकाचा कारखाना शेताच्या बांधावर आणि दुसऱ्याचा शेकडो किलोमीटर दूर, असे का?

जर्मन अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड वेबर यांनी 1909 मध्ये या कोड्याची उकल मांडली. समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांचे ते धाकटे भाऊ. त्यांचा हिशेब वजनाचा आहे. एक किलो पक्का माल बनवायला ठरावीक ठिकाणीच मिळणारा कच्चा माल किती किलो लागतो, हा तो ‘पदार्थ निर्देशांक’. तो एकपेक्षा बराच मोठा असेल, तर कारखाना कच्च्या मालाकडे ओढला जातो, कारण वाया जाणाऱ्या वजनाचे भाडे कोण भरणार? तो एकच्या आसपास असेल, तर कारखाना बंदर, बाजारपेठ, भांडवल पाहून कुठेही बसू शकतो.

शंभर किलो ऊस गाळला की साधारण दहा ते बारा किलो साखर मिळते. यालाच उतारा म्हणतात. निर्देशांक निघतो आठ ते दहा. शिवाय ऊस तोडल्यावर त्यातील साखरेचे विघटन सुरू होते. तो उन्हात पडून राहिला तर वजनही घटते आणि उताराही, म्हणून तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांत गव्हाणीत पडावा लागतो. बॉयलरचे इंधनही उसातूनच येते, ते म्हणजे चिपाड. कोळशाच्या खाणीजवळ जायचे कारणच उरत नाही. महाराष्ट्रात दोन साखर कारखान्यांमध्ये 25 किलोमीटर हवाई अंतर ठेवण्याचा नियम आहे, तोही प्रत्येक चरकाला जवळचा पुरेसा ऊस मिळावा म्हणूनच.

कापसाचा प्रवास दोन टप्प्यांचा आहे. वेचलेल्या कापसात वजनाने सुमारे दोन तृतीयांश सरकी असते. म्हणून जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने विदर्भ-खानदेशात, पिकाजवळ उभे राहिले. सरकी निघाली, रुईच्या गाठी बांधल्या की पुढे सूत कातताना वजन फारसे घटत नाही. इथे कापसाचा शेताशी असलेला दोर सुटतो. रेल्वेने गाठी मुंबईला जाऊ लागल्या, कारण तिथे बंदर होते, व्यापाऱ्यांचे भांडवल होते, सुताला मानवणारी दमट हवा होती. कावसजी दावर यांनी 1854 मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीची उभारणी सुरू केली.

वेबर यांनी मजुरीही हिशेबात धरली होती. मजुरीतली बचत वाहतुकीच्या वाढीव खर्चापेक्षा मोठी असेल, तर कारखाना मजुरांकडे सरकतो, असे ते सांगतात. त्यांच्या प्रारूपात मजूर मात्र जागेवरच बसलेले असतात. आपल्याकडे उलटे घडले. दर हंगामात मुकादमाकडून उचल घेऊन बीडसारख्या जिल्ह्यांतून कोयत्यावर निघालेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातल्या फडांवर पाल ठोकतात. चिमणी हलत नाही, माणसे हलतात. त्यामुळे साखर कारखान्याला स्वस्त मजुरीसाठी जागा बदलावी लागली नाही.

प्रारूपातले सगळ्यात महागात पडणारे गृहीतक मात्र पाण्याचे आहे. हवेसारखे पाणीही सर्वत्र मिळते असे धरून पाठ्यपुस्तके ते निर्देशांकातून वगळतात. युरोपातल्या नद्यांकाठी ते चालून गेले. मराठवाड्यात साखर कारखाने उभे राहिले, खात्रीचे गिऱ्हाईक मिळाल्याने भोवती ऊस वाढला, आणि 2016 च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. त्या टंचाईला दुष्काळासह अनेक कारणे होती. पण वर्षभर शेतात उभे राहणारे पीक कुठे लावायचे, हा प्रश्न त्यातून टाळता येत नाही. उसाच्या वजनाबरोबर तो पोसणारे पाणीही कच्चा माल म्हणून मोजले, तर वेबर यांचेच गणित काही चिमण्यांची जागा चुकली असे सांगेल.